आमच्या तळ्यानं कोणाला नेलं नाही

आमच्या गावाचा इतिहास सांगायचा म्हटला की सगळे त्या गोऱ्या साहेबापासून सुरुवात करतात. साहेब आला, त्याला तळं आवडलं, त्यानं काठावर बंगला बांधला, हिवाळ्यात बदकं मारली आणि स्वराज्य आलं तसा निघून गेला. झालं. जसं काही त्याच्याआधी तळ्यात पाणीच नव्हतं. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. अरे बाबांनो, तळं गोंडराजाच्या वेळचं. त्याची पाळ, म्हणजे तो मातीचा लांबच लांब बांध, बायांनी डोक्यावर टोपल्या वाहून घातला. त्यांची नावं कोणाला ठाऊक नाहीत. मलाही नाहीत. पण त्या होत्या, एवढं तरी म्हणावं की नाही?

आता शाळेतले मास्तर गावाचा इतिहास गोळा करताहेत. माझ्याकडेही आले होते. म्हणाले, आजी, तळ्यावर पाहुणे यायला लागले ते कसे, तेवढं सांगा. मी सांगितलं, त्यांनी चहा घेतला आणि गेले. पण तेवढ्यानं माझं भागलं नाही, म्हणून हे लिहायला बसले. लिहायला उशिरा शिकले, अक्षर कोंबडीच्या पायासारखं आहे. असू दे.

मी या गावात लग्न होऊन आले तेव्हा पन्नास साल नुकतं उलटलं होतं. माहेर नाचणगावकडचं. घरात माणसं तीन, सासरे, सासू आणि माझा नवरा. सासऱ्यांना मी मामाजी म्हणायची, सासूला आत्याबाई. आम्ही जातीनं ढिवर. मासे धरायचे, तळ्यात शिंगाड्याचे वेल लावायचे आणि डोंगे चालवायचे हे आमच्या घरचं काम. डोंगा म्हणजे एका खोडातून कोरलेली अरुंद होडी. आपल्या माणसाला त्यात बसताना काही वाटत नाही, शहरचा माणूस मात्र पाय ठेवल्या ठेवल्या देवाचं नाव घेतो.

पाहुणे यायचे ते कापूस निघाल्यावर, हिवाळ्यात. पहिल्यांदा वर्ध्याचा कोणी मास्तर शाळेची पोरं घेऊन आला. मग जिनिंगवाल्या शेठांच्या घरची माणसं आली, मग वकील, मग थेट नागपूरची. सेलूच्या रस्त्यानं हिंगणीकडे जाणारी मोटार त्यांना फाट्यावर उतरवी, तिथून छकड्यात बसून धूळ खात इकडे. बायका नाकाला पदर लावून यायच्या आणि तळं दिसलं की पदर आपोआप सुटायचा. मामाजी डोंग्यातून फिरवायचे. आम्ही दोघी काठावरच्या आंब्याखाली रोडगे लावायचो.

रोडगे ठाऊक नसतील त्यांच्यासाठी सांगते. गव्हाचं जाडं पीठ, ओवा, मीठ, तेलाचं मोहन. घट्ट मळून मुठीएवढे गोळे करायचे. गोवऱ्या पेटवून धूर सरू द्यायचा आणि निखाऱ्यांचा लाल आर झाला की त्यात गोळे पुरायचे. वरून गरम राख. भाजले की फडक्यानं राख झटकायची, दाबून फोडायचे आणि तूप ओतायचं. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. काही पाहुण्यांना आमच्या हातचं पाणी चालायचं पण मळलेलं पीठ चालत नसे. त्यांच्या बाया पीठ स्वतः मळायच्या आणि भाजायचं काम आमच्यावर. आमच्या गोवऱ्यांना जात नव्हती वाटते. नालवाडीकडची खादीवाली मंडळी आली की उलटंच, ती भांडीसुद्धा आम्हाला घासू देत नसत. आत्याबाई वैतागायची. "पाव्हणे हायेत का भांडेवाले?" म्हणायची. पण हसायची.

मामाजींचं एक वाक्य होतं. डोंग्यात बसायला पाहुणा कचरला की ते वल्हं टेकून म्हणायचे, "आमचं तळं मायेवाणी हाये साहेब. आजपावतो त्यानं कोणाले नेलं नाई." आणि ते खरं होतं. त्यांच्या बापाच्या, आज्याच्या वेळेपासून तळ्यात कोणी गेलेलं नव्हतं. आजूबाजूच्या तळ्यांनी माणसं घेतली होती. आमच्याकडे अशी समजूत की तळ्यानं एक घेतला की ते आणखी दोन घेतल्याशिवाय राहत नाही, म्हणून तिथल्या डोंग्यांत महिनोन्महिने कोणी बसत नसे. आमचं तळं तेवढं कोरं. गावाला त्याचा मोठा तोरा. हॉटेलवाला, छकडेवाले, बंगल्याचा चौकीदार, सगळे तेच वाक्य बोलायचे.

माझा नवरा मात्र ते वाक्य म्हणायचा नाही. तो पाहुण्यांना सुक्के लोक म्हणायचा. "आले तुहे सुक्के लोक," म्हणून मला चिडवायचा, कारण मी नदीकाठची असून मला पोहता येत नव्हतं. बोलायला कमी, खायला सतत काहीतरी लागायचं, खिशात भाजलेले शेंगदाणे. नागपूरच्या मिलमध्ये जातो म्हणून बापाशी त्याची अधूनमधून कटकट व्हायची. जाणार नव्हता. नुसतं म्हणायचा. आमचं लग्न होऊन दोन पावसाळे झाले होते.

तिसऱ्या पावसाळ्यात, भादव्यात, पाणी थांबायचं नाव घेईना. आत्याबाई हिंगणीला तिच्या भावाकडे गेली होती आणि नदीला पूर आल्यामुळे तिकडेच अडकली होती. तळं तुडुंब भरलं. शिंगाड्याचे वेल तुटून, गोळा होऊन सांडव्याच्या तोंडाशी जाऊन अडकले. सांडवा म्हणजे पाळीच्या टोकाशी पाणी बाहेर जायची दगडी वाट. ती तुंबली की पाणी पाळीवरून जाणार आणि पाळ फुटली की गाव गेलं. म्हणून दुपारी मामाजी आणि माझा नवरा वेल काढायला गेले. मी मागून भाकर घेऊन गेले. मामाजी पाळीवर त्याच्या कमरेचा दोर धरून होते. तो कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून वेल ओढत होता. वेलाचा मोठा गठ्ठा एकदम सुटला, पाणी एकदम सुटलं आणि त्याच्यासोबत तोही गेला. रिकामा दोर मामाजींच्या हातात राहिला. खाली नाला, नाल्याला पूर, पुढे नदी.

मी पाहिलं. हे लिहून ठेवते, कारण पुढची कित्येक वर्षं मला हे म्हणायची सोय नव्हती.

गावातली माणसं नाल्याच्या काठाकाठानं दूरपर्यंत शोधत गेली. वाटेत कोणी विचारलं तर म्हैस वाहून गेली म्हणून सांगायचे. म्हैस! ते पाटलाच्या सांगण्यावरून. अंग काही सापडलं नाही. मग पाटील, मामाजी आणि आणखी दोघं-चौघं आमच्या ओसरीवर बसले. मी आत चुलीपाशी होते, सगळं ऐकू येत होतं. पाटील म्हणाला, तळ्यानं माणूस नेला हे बाहेर गेलं तर यंदा हिवाळ्यात काठावर कुत्रंही यायचं नाही. कोणीतरी म्हणालं की तळ्यात कुठं गेला, नाल्यात गेला. दुसरा म्हणाला, लोक काय तेवढं पाहतात का? मग मामाजी बोलले. "अंग सापडलं नाई. अंग सापडल्याबगर मेला कसा म्हणाचा?" आवाज अगदी साधा होता. "त्याले नागपूरले जाचंच होतं. गेला समजा."

मग ते आत आले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तिले सांगजो नको. ते मरून जाईन." तिले म्हणजे आत्याबाईला. मी मान हलवली. मला तेव्हा काहीच होत नव्हतं. चुलीवर भात होता, तो लागू नये म्हणून मी लाकूड मागे ओढलं.

आत्याबाई पूर ओसरल्यावर परत आली. मामाजींनी तिला सांगितलं, पोरगा भांडून नागपूरला गेला. तिनं मामाजींना जे काय शिव्याशाप दिले ते सगळ्या आळीनं ऐकले. आम्हा तिघांत पाणी तेवढं तिच्याच डोळ्यांतून आलं. मग ती माझ्याकडे वळली, माझ्या कपाळाकडे पाहिलं, कुंकू जागेवर होतं, आणि तिचा चेहरा जरा सैल झाला. "येईन तो," म्हणाली. "बापावर रुसला, तुह्यावर थोडीच रुसला."

त्या हिवाळ्यात पाहुणे आले. नेहमीसारखे. मामाजी वल्हं टेकून म्हणाले, "आजपावतो कोणाले नेलं नाई." मी गोळे आरात पुरत होते. मला वाटलं होतं की ते वाक्य पहिल्यांदा ऐकेन तेव्हा मला काहीतरी होईल. काही झालं नाही. बोट भाजलं, तेही नंतर कळलं.

आता माझी गोष्ट काय होती ते सरळ सांगते. आमच्यात विधवेचा पाट लागतो, म्हणजे ती दुसरं लग्न करू शकते. माझे वडील नाचणगावहून मला न्यायला आले होते, त्यांच्या कानावर काहीतरी गेलं होतं. मामाजी त्यांना म्हणाले, नवरा जिता असताना पोरगी कशी नेता? वडील गरीब स्वभावाचे, चहा पिऊन परत गेले. मी विधवा नव्हते आणि सवाशीणही नव्हते. शेजारणी मला नवऱ्यानं टाकलेली म्हणून बोलायच्या. खरं ठाऊक असलेल्यासुद्धा म्हणायच्या, म्हणता म्हणता त्यांना तेच खरं वाटायला लागलं असावं. नवऱ्यानं टाकलेली! जो माणूस गाव वाचवायला पाण्यात उतरला, त्याच्या नावावर हे. मला एवढंच पाहिजे होतं की कोणीतरी एकदा मोठ्यानं म्हणावं, तो मेला. त्यापुढे माझं काय व्हायचं ते होवो.

पण ते म्हणायला मीच का उठले नाही, असं तुम्ही विचाराल. मला उठावंसंच वाटत नव्हतं, हो. राग यायचा तो वांग्यांवर, ओल्या गोवऱ्यांवर, शेळीवर. त्याच्यावर नाही, मामाजींवर नाही. आत्याबाई हरतालिकेला मला उपास धरायला लावायची, मी धरायची. हिरव्या बांगड्या भरायची, मी हात पुढे करायची. बांगड्या वाजायच्या आणि मला वाटायचं, शेजारच्या घरात कोणीतरी भांडी लावतंय. रात्री अंग टाकलं की झोप यायची. झोप येते याचंही वाईट वाटायचं नाही.

नागपूरला जाणाऱ्या प्रत्येकाला आत्याबाई गाठायची. माहा पोरगा दिसला तर सांगजो, उंच हाये, डाव्या भुवईवर खोक हाये. लोक हो म्हणायचे. तोंडावर खरं सांगायची कोणाची छाती झाली नाही. ज्या दसऱ्याला नागपुरात दीक्षेचा मोठा सोहळा झाला, त्या वेळी आमच्या गावच्या पलीकडच्या वस्तीतली माणसं पांढरे कपडे धुऊन, भाकर बांधून निघाली. आत्याबाई पहाटे त्यांच्या रस्त्यावर जाऊन उभी. एकेकाला अडवून तेच. त्यात माझ्या वयाची एक बाई होती, कडेवर पोर. गवत कापायला तळ्यावर यायची म्हणून आमचं बोलणं होतं. ती थांबली, नीट ऐकून घेतलं, कोणती भुवई तेही पुन्हा विचारलं.

परत आल्यावर ती आमच्या अंगणाशी आली. आत्याबाईला म्हणाली, "लय मानसं होती मावशी. जिकडं पाह्यलं तिकडं मानसं. नाई दिसला." आत्याबाई म्हणाली, एवढ्या गर्दीत कसा दिसणार, आणि समाधानानं आत गेली. ती बाई मग माझ्याकडे वळली. तिलाही खरं ठाऊक होतं. हळूच म्हणाली, "मले माईत होतं वं. तरी पाह्यलं. म्हातारीनं एवढं सांगतलं तं पायत राह्यली." मग ती तिथलं सांगायला लागली, सगळ्यांसमोर उभं राहून त्या प्रतिज्ञा तोंडानं कशा म्हटल्या, घरी येऊन कुलदैवताचे टाक कसे काढून टाकले, डोकं कसं हलकं झालं. तिचा चेहरा वेगळाच दिसत होता. मला तिचा हेवा वाटला. तिनं स्वतःबद्दल चार शब्द मोठ्यानं म्हटले आणि ती बदलली. माझे तर दोनच शब्द होते. तो मेला.

ते मी म्हटले, पण असे नाही, ठरवून नाही.

पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट. नागपूरचं एक कुटुंब आलं होतं. बाप, आई आणि दोन वेण्या घातलेली मुलगी. बाप आधीच डोंग्यात जाऊन बसला होता. मुलीनं एक पाय आत टाकला होता आणि आई तिचा दंड सोडत नव्हती. मामाजींनी आपलं वाक्य म्हटलं. बाईचं समाधान झालं नाही. ती वळली आणि मला म्हणाली, "तुम्ही बाईमाणूस आहात. तुम्ही खरं सांगा. इथं कोणाला काही झालं आहे का?"

मी रोडग्यावरची राख झटकत होते. म्हटलं, "माझा नवरा मेला ह्यात."

भाजीत मीठ टाकू का, असं विचारावं त्या आवाजात मी ते बोलले. बाईनं मुलीला ओढून घेतलं. बाप डोंग्यातून उतरायला गेला तो घोट्याएवढ्या चिखलात. मामाजी वल्हं धरून नुसते उभे होते. माझ्या शेजारी आत्याबाई पीठ मळत होती. तिचे हात परातीत थांबले.

"काय बोलली?"

मी पुन्हा सांगितलं. सांडव्यावर, त्या पुराच्या वेळी, तुम्ही हिंगणीला होता तेव्हा.

मला वाटलं ती किंचाळेल, मामाजींच्या अंगावर धावेल. तिनं मामाजींकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे पाहत राहिली, माझ्या कपाळाकडे.

"मंग कुंकू काऊन लावलं वं?" म्हणाली. "रोज तुह्या कपाळाकडं पाहून मी घास गिळत होती. मी म्हणो, सुनेचं कुंकू हाये म्हणजे माहा पोरगा हाये. काऊन लावलं?"

  तिनं पिठाच्या हातानं ते पुसून टाकलं. जोरात पुसलं, कपाळ हुळहुळलं. पाहुण्यांचे रोडगे आरात होते, ते कोणी काढले नाहीत, सगळे जळाले.

मग जे व्हायचं ते रीतसर झालं. अंग नसलं की आमच्याकडे पळसाच्या पानांचा माणूस करतात आणि त्याला अग्नी देतात. मामाजींनीच दिला. माझ्या बांगड्या फोडल्या. आत्याबाई घरात वावरायची, स्वयंपाक करायची, पण माझ्याशी बोलायची नाही आणि मामाजींशीही नाही. तीन माणसांचं घर, आणि आवाज तेवढा शेळीचा. वडील पुन्हा आले होते न्यायला. मी गेले नाही. का, ते मला तेव्हा सांगता आलं नाही. आता विधवा झाले होते, पाटही लागला असता. पण मनात काही हललंच नाही. आज नको, म्हटलं.

पाटील मामाजींवर भडकला होता. तुमच्या सुनेनं गावाच्या पोटावर पाय दिला म्हणाला. सगळ्यांना वाटलं, आता काठ ओस पडणार. हॉटेलवाल्यानं तर तोंड पाडून सामान आवरायला घेतलं होतं.

आणि काय झालं ठाऊक आहे? जास्त लोक आले. ऐकून आले. फाट्यावरच विचारायला लागले, ते माणूस बुडालेलं तळं हेच का? आणखी दोन घेणार म्हणून इकडचा माणूस काठाला पाय लावत नव्हता, पण या नागपूरच्या लोकांना कुठली समजूत न् काय! डोंग्यात बसून म्हणायचे, कुठं बुडाला ती जागा दाखवा. एवढी वर्षं ज्या भीतीनं त्याला जिवंत ठेवलं, टाकून गेलेला नवरा केला, ती भीतीच पोकळ निघाली. मी हसले असते, पण हसूही आलं नाही. आंब्याखाली बसून रोडगे लावायची आणि बाया एकमेकींना कोपरानं खुणावून म्हणायच्या, हीच ती.

मामाजी सुरुवातीला गप्प राहायचे. मग पाहुण्यांनी फार विचारलं की वल्ह्यानं दाखवायचे. पण सांडव्याकडे नाही. तिकडे गाळ, लव्हाळं, शेवाळलेले दगड, डोंगा जात नाही आणि पाहण्यासारखंही काही नाही. ते तळ्याच्या मधोमध न्यायचे, जिथं कमळं आहेत, आणि म्हणायचे, इथं. पाहुण्यांना जागा पटायची. कोणी फूल टाकायचं, कोणी हात जोडायचं. हळूहळू ती जागा पक्की झाली. मास्तरांच्या इतिहासात आज तीच आहे.

वर्ष फिरलं. सर्वपित्रीला आत्याबाईनं सकाळपासून स्वयंपाक केला. भात, वडे, खीर, वाटीभर भाजलेले शेंगदाणे. पानावर वाढून ती काठावर गेली आणि आयुष्यात पहिल्यांदा डोंग्यात बसली. मामाजींना म्हणाली, "चाल." एवढाच शब्द. मामाजींनी वल्हं मारलं. मी पाळीवर उभी राहून पाहत होते. डोंगा संथ चालला होता, आणि माझ्या लक्षात आलं की ते कमळांकडे चाललेत. पाहुण्यांना नेतात तिथंच. आपल्या बायकोलाही! मला वाटतं, त्यांनाही आता तीच जागा खरी वाटत होती, किंवा सांडव्याकडे पाहायची त्यांची हिंमत नव्हती. ते दोर धरलेले हात त्यांचेच होते. आत्याबाईनं वाकून पान पाण्यावर सोडलं, हात जोडले, आणि किती तरी वेळ पाण्याकडे पाहत बसली.

ती काठावर उतरली तेव्हा मी पुढे गेले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच आपण होऊन काही बोलले.

"आत्याबाई, तिथं नाई."

मामाजी डोंगा बांधत होते. ते वळले नाहीत.

"मंग कुठं?" ती म्हणाली. जवळजवळ वर्षभरानं माझ्याशी बोलली. मग म्हणाली, "तू पाह्यलं ना? दाखव मले."

आम्ही दोघी पाळीवरून चालत गेलो. तिला भराभर चालवत नव्हतं, मी पुढे होऊन थांबायची. सांडव्यावरून तेव्हा करंगळीएवढं पाणी वाहत होतं. मी बोट दाखवलं. इथं मामाजी उभे होते, इथं मी, तिथं तो. ती दगडावर बसली. पाय दुखत होते, ते चोळले.

"सांग आता," म्हणाली. "सारं सांग."

मी सांगितलं. वेल कसे अडकले, तो कुठवर पाण्यात होता, गठ्ठा कसा सुटला. मध्ये कुठं थांबले नाही आणि आवाजही हलला नाही. ती ऐकत होती.

"काई बोलला का?"

"माझ्याकडं पाह्यलं," मी म्हटलं. "मी भाकर घेऊन पावसात उभी होती. म्हणाला, घरी जाय, भिजशीन."

"मंग गेली का घरी?"

"नाई."

"भिजली?"

"भिजली."

 मग म्हणाली, "मी तं हिंगणीले होती. लुगडं कोणी बदलवलं तुहं?"

हे मला कोणी विचारेल असं कधी वाटलं नव्हतं. मला आठवावं लागलं. ती सगळी माणसं, ती म्हैस, ओसरीवरचं बोलणं, चुलीवरचा भात.

"कोणीच नाई," मी म्हटलं. "अंगावरच वाळलं."

आत्याबाई दगडावरून उठली. माझ्याजवळ आली, आपला पदर हातात घेतला आणि माझं डोकं पुसायला लागली. आधी केस, मग कानांच्या मागं, मग मान, पावसातून आलेल्या पोरीचं पुसतात तसं, रगडून. केस कोरडेच होते. मी तिला तसं म्हणणार होते, पण तोंड उघडलं आणि रडू आलं.